सबडक्शन क्षेत्राची भूकंपीय प्रतिमा: कशी घडवावी आणि कशी वाचावी

ज्या पट्ट्यात सागरी भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकत प्रावरणात उतरतो, त्याला सबडक्शन क्षेत्र म्हणतात. उपकरणांनी नोंदलेले सर्वांत मोठे भूकंप याच पट्ट्यांतले आहेत: १९६० चा चिलीचा ९.५ महत्तेचा, २००४ चा सुमात्रा-अंदमानचा आणि २०११ चा जपानमधील तोहोकूचा. ज्या पृष्ठावर हे दोन भूपट्ट एकमेकांवर घासतात, ते बहुतेक ठिकाणी छिद्रणाच्या आवाक्याबाहेर असते. जपानच्या दक्षिणेकडील नानकाई गर्तेत (गर्त म्हणजे भूपट्ट खाली वळतो तिथला समुद्रतळावरचा लांब, खोल चर) ‘चिक्यू’ या छिद्रण जहाजाने २०१८-१९ च्या मोहिमेत समुद्रतळाखाली सुमारे ३,२६० मीटरपर्यंत मजल मारली, पण तिथले सुमारे पाच किलोमीटर खोल असलेले भूपट्टसीमेचे पृष्ठ हाती लागले नाही. म्हणून या पृष्ठाचा आकार, खोली आणि त्याभोवतीच्या खडकांची स्थिती जाणून घेण्याचा मुख्य मार्ग म्हणजे त्यातून लहरी पाठवणे आणि परत आलेल्या लहरींवरून प्रतिमा घडवणे.

या कामात नव्याने उतरणाऱ्याने एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी. प्रतिमेतील प्रत्येक रेषेची जागा, उतार आणि जाडी ही आपण गृहीत धरलेल्या लहरीवेगावर अवलंबून असते. वेग चुकला तर चित्र सुबक दिसते आणि तरीही चुकीचे असते. पुढील मार्गदर्शनात वेगाला सर्वाधिक जागा दिली आहे, ती याच कारणाने.

आधी प्रश्न, मग पद्धत

सबडक्शन क्षेत्र गर्तेपासून थेट सुमारे ७०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेले असते आणि ते सगळे एकाच पद्धतीने दिसत नाही. गर्तेजवळचा गाळाचा पाचर (उतरत्या भूपट्टावरून खरवडला जाऊन साचलेला गाळ), त्यातील प्रस्तरभंग आणि उथळ भूपट्टसीमा पाहायची असेल, तर जहाजामागे ओढलेल्या स्ट्रीमरने (हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातील ध्वनिग्राहक, बसवलेल्या लांब केबलने) परावर्तित लहरी नोंदवाव्यात. दहा ते चाळीस किलोमीटर खोलीचे कवच आणि त्याखालचे प्रावरण यांचा वेग हवा असेल, तर सागरतळावर भूकंपमापक ठेवून दूरवरून येणाऱ्या अपवर्तित लहरी नोंदवाव्यात. त्याहून खोल जायचे असेल, तर मानवनिर्मित स्रोत पुरत नाही आणि नैसर्गिक भूकंपांच्या लहरींकडे वळावे लागते. प्रश्न जितका नेमका मांडाल, तितकी ही निवड सोपी होते. ‘भूपट्टसीमेची प्रतिमा हवी’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. ‘गर्तेपासून तीस किलोमीटर आत भूपट्टसीमेलगत किती जाडीचा गाळ खाली नेला जात आहे’ हा प्रश्न लागणारी वारंवारता, स्ट्रीमरची लांबी आणि सर्वेक्षणाच्या रेषांची (जहाजाच्या मार्गांची) दिशा जवळजवळ ठरवून टाकतो.

त्याच वेळी विभेदनक्षमतेचा हिशोब कागदावर मांडावा. एकावर एक असलेले दोन थर वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात साधारण तरंगलांबीच्या एक चतुर्थांश इतके अंतर लागते. समुद्रतळाजवळ वेग २,००० मीटर प्रति सेकंद आणि वारंवारता ५० हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी ४० मीटर येते आणि विभेदनक्षमता १० मीटर. दहा किलोमीटर खोलीवर वेग ५,००० मीटर प्रति सेकंदावर जातो, उच्च वारंवारता वाटेत शोषली जाऊन १० हर्ट्झच्या आसपासच उरते आणि विभेदनक्षमता १२५ मीटरवर येते. त्या खोलीवरची आडवी विभेदनक्षमता मायग्रेशनपूर्वी (परावर्तने गणिताने त्यांच्या खऱ्या जागी नेण्यापूर्वी) याहून कितीतरी वाईट, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाएवढी असते. २०१२ मध्ये जपान गर्तेत सुमारे ६,९०० मीटर पाण्याखाली केलेल्या छिद्रणात भूपट्टसीमेचा प्रस्तरभंग पाच मीटरपेक्षाही कमी जाडीच्या चिकणमातीत सामावलेला आढळला. इतका पातळ थर परावर्तन प्रतिमेत स्वतंत्रपणे दिसू शकत नाही. आपल्याला दिसतो तो त्याच्या वरच्या आणि खालच्या खडकांतला फरक, आणि ही मर्यादा अर्थनिर्णयाच्या शेवटच्या वाक्यापर्यंत सोबत राहते.

रेषा आखण्यापूर्वी उपलब्ध माहिती गोळा करावी: समुद्रतळाच्या खोलीचे नकाशे, जुन्या परावर्तन रेषा, भूकंपांच्या नोंदी आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘स्लॅब२’ हे जगभरच्या उतरत्या भूपट्टांच्या आकाराचे प्रारूप. जुन्या रेषांचा मूळ डेटा मिळाला, तर त्यावर नव्याने प्रक्रिया करणे हा बहुधा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत शिकवणारा पहिला टप्पा ठरतो.

रेषा, स्रोत आणि स्ट्रीमर

मुख्य रेषा गर्तेला काटकोनात असाव्यात, कारण तिरप्या रेषेत उतार प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि बाजूने येणारी परावर्तने रेषेखालची समजली जातात. प्रत्येक मुख्य रेषा गर्तेच्या बाहेर, अजून वाकायला न लागलेल्या सागरी भूपट्टापर्यंत नेऊन सोडावी. आत जाणारे कवच आणि गाळ मुळात कसे होते हे तिथेच कळते, आणि ते माहीत नसेल तर खाली गेल्यावर त्यांच्यात काय बदल झाला हे सांगता येत नाही. मुख्य रेषांना छेदणाऱ्या दोन-तीन आडव्या रेषा हव्यातच. छेदबिंदूवर दोन्ही रेषांवरची भूपट्टसीमा एकाच खोलीवर येते का, ही पुढे सर्वांत उपयोगी तपासणी ठरते.

स्ट्रीमरच्या लांबीबाबत काटकसर करू नये. समजा भूपट्टसीमा समुद्रसपाटीपासून दहा किलोमीटर खाली आहे आणि पाण्यासह सरासरी वेग २.५ किलोमीटर प्रति सेकंद आहे. लहर सरळ खाली जाऊन परत यायला आठ सेकंद लागतात. वेगाच्या अंदाजात पाच टक्के चूक झाली, तर सहा किलोमीटर लांब स्ट्रीमरच्या शेवटच्या टोकावर आगमनवेळेत जेमतेम ३० मिलिसेकंदांचा फरक पडतो. १० हर्ट्झच्या लहरीचा आवर्तकाल १०० मिलिसेकंद असल्याने तो नजरेतून सहज निसटतो. पंधरा किलोमीटरच्या स्ट्रीमरवर हाच फरक सुमारे १७० मिलिसेकंद होतो आणि लपून राहू शकत नाही. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या कॅस्केडिया क्षेत्रात ‘मार्कस जी. लँगसेथ’ या जहाजाने अशाच लांब स्ट्रीमरने सर्वेक्षण केले. त्यातून तिथला उतरता भूपट्ट अखंड नसून वेगवेगळ्या उताराच्या किमान चार खंडांत विभागलेला असल्याचे दिसले.

स्रोत म्हणून दाबलेली हवा पाण्यात एकदम सोडणाऱ्या एअरगनचा संच वापरतात. हायड्रोफोनच्या गटांमधले अंतर १२.५ मीटर आणि दोन स्फोटांतले अंतर ३७.५ मीटर ठेवले, तर पंधरा किलोमीटरच्या स्ट्रीमरवर प्रत्येक बिंदूची नोंद २०० वेळा होते. कमजोर, खोल परावर्तने गोंगाटातून वर काढण्यासाठी ही पुनरावृत्ती लागतेच. एअरगनचा आवाज देवमासे आणि इतर सागरी सस्तन प्राण्यांना त्रासदायक असतो. म्हणून आवाज हळूहळू वाढवत नेणे, जहाजावर निरीक्षक ठेवणे आणि प्राणी ठरलेल्या अंतरात आल्यास स्रोत बंद करणे यांसाठी लागणारा वेळ आराखड्यात आधीच धरावा. तो जास्तीचा वेळ समजून सुरुवातीला वगळला, तर मोहिमेच्या अखेरीस महत्त्वाच्या रेषा अर्धवट राहतात.

गोंगाट काढताना

प्रक्रियेच्या सुरुवातीच्या पायऱ्या सर्व सागरी सर्वेक्षणांत सारख्याच असतात, त्यामुळे इथे थोडक्यात. स्रोत आणि हायड्रोफोन यांच्या जागा नोंदींत बसवाव्यात, एअरगनच्या बुडबुड्याचे प्रतिध्वनी काढावेत आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून उलटून येणारी छायालहर दूर करावी. नऊ मीटर खोलीवर ओढलेल्या उपकरणांत ही छायालहर ८३ हर्ट्झच्या आसपासची वारंवारता जवळजवळ पुसून टाकते. खोल लक्ष्यासाठी उपकरणे अधिक खोल ओढली, तर कमी वारंवारता टिकून राहते आणि उथळ तपशील जातो. या दोहोंत काय हवे ते मूळ प्रश्नावरून ठरवावे.

सबडक्शन क्षेत्रात खरा त्रास देते ती समुद्रतळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यात पुन्हा पुन्हा आपटून येणारी गुणित लहर. चार किलोमीटर पाण्यात समुद्रतळाचे परावर्तन ५.३ सेकंदांनी येते आणि त्याचे पहिले गुणित १०.७ सेकंदांनी. गर्तेकडून किनाऱ्याकडे जाताना पाणी उथळ होते, गुणित लवकर येऊ लागते आणि नेमके भूपट्टसीमेवरच येऊन बसते. पृष्ठभागाशी निगडित गुणितांचा अंदाज डेटावरूनच बांधून तो वजा करण्याची पद्धत आणि त्यानंतर वेगातील फरकावर चालणारे, रेडॉन या गणिती रूपांतराचे गाळण, असे दोन्ही उपाय एकामागून एक वापरावेत. प्रत्येक वेळी काय काढून टाकले याचेही चित्र काढून पाहावे. त्या चित्रात उतरती, सलग रेषा दिसली, तर गाळणाने खऱ्या परावर्तनावरच हात मारला आहे.

वेग: प्रतिमेचा कणा

वेळेतली प्रतिमा (जिच्या उभ्या अक्षावर खोलीऐवजी लहरीच्या जाण्यायेण्याचा वेळ असतो) सबडक्शन क्षेत्रात किती फसवते, हे एका साध्या हिशोबाने पटते. समजा गर्तेपाशी पाणी सहा किलोमीटर खोल आहे आणि उतरत्या भूपट्टाचा माथा तिथे समुद्रतळालगतच आहे. पाण्यातील वेग १.५ किलोमीटर प्रति सेकंद धरल्यास तो माथा आठ सेकंदांवर दिसेल. किनाऱ्याकडे काही अंतर गेल्यावर पाणी दोन किलोमीटर आहे आणि त्याखाली तीन किलोमीटर प्रति सेकंद वेगाचा सहा किलोमीटर जाडीचा पाचर आहे. इथे भूपट्टाचा माथा आठ किलोमीटर खोल, म्हणजे दोन किलोमीटरने खाली गेलेला आहे. वेळेत मात्र तो पाण्यातून २.७ आणि पाचरातून ४ सेकंद मिळून ६.७ सेकंदांवर येतो. प्रत्यक्षात खाली जाणारा भूपट्ट वेळेच्या प्रतिमेत वर चढताना दिसतो. म्हणून वेळेच्या प्रतिमेवरून उतार, जाडी किंवा प्रस्तरभंगाचा कोन कधीही मोजू नये. खोलीत केलेले, स्टॅकपूर्व (एकाच बिंदूच्या नोंदींची बेरीज करण्याआधीचे) मायग्रेशन ही इथे चैनीची गोष्ट नसून किमान गरज आहे.

वेगाचे प्रारूप थरांप्रमाणे वरून खाली बांधत जावे. आधी पाणी, कारण त्यातला वेगही तापमानाबरोबर बदलतो आणि तो मोजता येतो. मग उताराच्या खोऱ्यांतला ताजा गाळ, मग पाचराचा मुख्य भाग, मग भूपट्टसीमेखाली नेला जाणारा गाळ आणि अखेरीस सागरी कवच. प्रत्येक टप्प्यावर मायग्रेशन करून एकाच बिंदूची जवळच्या आणि दूरच्या हायड्रोफोनांवरून मिळालेली खोली जुळते का ते पाहावे. दूरच्या नोंदींत परावर्तन वर वळत असेल तर वेग कमी धरला गेला आहे आणि खाली वळत असेल तर जास्त. उरलेली तफावत टोमोग्राफीने (अनेक वाटांनी आलेल्या लहरींच्या वेळांवरून जागोजागचा वेग काढण्याच्या पद्धतीने) वेगात परत घालावी आणि रेषा सपाट होईपर्यंत ही फेरी चालवावी. इथे घाई केली की पुढचे सगळे काम त्या घाईवर उभे राहते. पाचरातून जाऊन परत यायला तीन सेकंद लागत असतील, तर तीनऐवजी ३.३ किलोमीटर प्रति सेकंद वेग धरल्याने भूपट्टसीमा ४५० मीटरने खाली सरकते.

पूर्ण तरंगरूपाचे व्युत्क्रमण ही याच्या पुढची पायरी. त्यात केवळ आगमनवेळा न जुळवता लहरींचा संपूर्ण आकार जुळवला जातो आणि वेगाचे बारीक तपशील मिळतात. मात्र सुरुवातीचे प्रारूप आगमनवेळा अर्ध्या आवर्तकालाच्या आत सांगणारे असायला हवे. चार हर्ट्झपासून सुरुवात करायची असेल, तर ही मुभा १२५ मिलिसेकंदांची आहे. ती ओलांडली, तर गणित चुकीच्या शिखराशी शिखर जुळवते आणि अतिशय तपशीलवार, पण निराधार चित्र देते.

सागरतळावरचे भूकंपमापक

स्ट्रीमरला खोल वेग नीट कळत नाही, तो सागरतळावरच्या भूकंपमापकांना कळतो, कारण शंभर किलोमीटरांहून दूरच्या स्फोटांच्या कवचातून आणि प्रावरणाच्या माथ्यावरून वळून आलेल्या लहरी त्यांच्यावर नोंदल्या जातात. उपकरणे रेषेवर काही किलोमीटरांच्या अंतराने सोडावीत. ती खाली जाताना प्रवाहाबरोबर वाहतात आणि खोल पाण्यात शेकडो मीटर भरकटू शकतात. त्यामुळे पाण्यातून थेट आलेल्या लहरीच्या वेळांवरून प्रत्येकाची जागा पुन्हा काढावी. उपकरणातले घड्याळ सोडण्यापूर्वी आणि परत काढल्यावर उपग्रहीय वेळेशी जुळवून त्याचे सरकणे दुरुस्त करावे. या दोन दुरुस्त्या कंटाळवाण्या वाटतात, पण त्यांत राहिलेली चूक टोमोग्राफी मुकाट्याने खडकांच्या वेगात ढकलते.

मिळालेले आकडे ओळखीच्या मर्यादांशी ताडून पाहावेत. सागरी कवचाची जाडी साधारण सहा-सात किलोमीटर असते, त्याच्या खालच्या थरात वेग ६.६ ते ७.२ किलोमीटर प्रति सेकंद असतो आणि त्याखालच्या कोरड्या प्रावरणात तो आठच्या आसपास जातो. गर्तेबाहेर भूपट्ट वाकताना पडलेल्या प्रस्तरभंगांतून पाणी खाली शिरले, तर प्रावरणाच्या खडकाचे सर्पेंटाइन (पाणी सामावलेले खनिज) बनते आणि वेग लक्षणीयरीत्या घटतो. किती पाणी पृथ्वीच्या पोटात जाते याचा अंदाज याच घटीवरून बांधतात. पण भेगांमुळेही वेग घटतो आणि लहरीच्या दिशेनुसारही तो बदलतो, म्हणून एकाच रेषेवरून पाण्याचे प्रमाण सांगण्याचा मोह टाळावा.

भूकंपांच्या लहरींनी खोलात

खोल भागासाठी दूरच्या भूकंपांच्या प्राथमिक लहरी वापरतात. अशी लहर एखाद्या सीमेतून वर येताना तिचा काही भाग दुय्यम लहरीत बदलतो आणि थोडा उशिरा पोहोचतो. या उशिरावरून सीमेची खोली काढण्याच्या पद्धतीला रिसीव्हर फंक्शन म्हणतात. कवचात प्राथमिक वेग ६.५ आणि दुय्यम वेग ३.७५ किलोमीटर प्रति सेकंद असेल, तर चार सेकंदांचा उशीर ३४ किलोमीटरच्या आसपासची खोली दाखवतो. उतरत्या भूपट्टाबाबत सीमा तिरकी असते, त्यामुळे हा उशीर आणि लहरीचा आयाम भूकंप कोणत्या दिशेने आला त्यानुसार बदलतो. सर्व दिशांच्या नोंदींची सरसकट सरासरी काढली, तर उताराची माहितीच पुसली जाते. म्हणून नोंदी दिशेनुसार लावून पाहाव्यात.

याच पद्धतीने कॅस्केडियाखाली उतरत्या भूपट्टाच्या माथ्यावर एक मंद वेगाचा थर दिसला आहे. त्यात प्राथमिक आणि दुय्यम वेगांचे गुणोत्तर दोनपेक्षाही जास्त निघते, तर सामान्य कवचात ते १.७३ च्या आसपास असते. इतके गुणोत्तर छिद्रांत प्रचंड दाबाखाली कोंडलेल्या पाण्याकडे बोट दाखवते, आणि त्याच भागात सुमारे चौदा महिन्यांच्या अंतराने मंद घसरण (भूकंपाचा हादरा न देता हळूहळू होणारी) आणि तिच्यासोबतची कंपने होतात, ही बाब माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत विचार करायला लावणारी आहे.

शेकडो किलोमीटर खोलीसाठी आगमनवेळांची टोमोग्राफी आहे. थंड भूपट्ट भोवतालच्या प्रावरणापेक्षा काही टक्क्यांनी वेगवान असतो, म्हणून तो त्यात उठून दिसतो. काही ठिकाणी तो ६६० किलोमीटरच्या सीमेवर आडवा पसरतो, तर काही ठिकाणी ती ओलांडून खालच्या प्रावरणात जातो. किनाऱ्यावरची केंद्रे एकाच बाजूला असल्याने गर्तेखालचा भाग बहुधा अंधारात राहतो. जपानने गर्तेच्या भागात केबलने जोडलेल्या १५० सागरतळ केंद्रांचे ‘एस-नेट’ उभारले, तेव्हा तिथली ही उणीव बरीच भरून निघाली.

प्रतिमा वाचताना

अर्थनिर्णयाची सुरुवात वादातीत गोष्टींपासून करावी: समुद्रतळ, गर्तेतला गाळ आणि गर्तेबाहेर स्पष्ट दिसणारा सागरी कवचाचा माथा. हा माथा धरून आत जात राहावे आणि रेषा जिथे तुटते तिथे थांबून ती तुटक रेघेने दाखवावी. गर्तेतल्या गाळाचा वरचा भाग पाचरात खरवडला जातो आणि खालचा भाग भूपट्टाबरोबर जातो. या दोहोंमधले घसरणपृष्ठ म्हणजेच उथळ भूपट्टसीमा. नानकाईसारख्या ठिकाणी तिच्यापासून फुटून वर समुद्रतळाकडे जाणारा मोठा शाखाप्रस्तरभंगही दिसतो, आणि त्सुनामीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा असतो, कारण तो अधिक उभ्या कोनात असल्याने त्याच्यावरची घसरण समुद्रतळ जास्त उचलते.

परावर्तनाचे चिन्ह (लहरीचे शिखर आधी येते की दरी) जपून वाचावे. वरून खाली जाताना घनता आणि वेग यांचा गुणाकार घटला, तर परावर्तन समुद्रतळाच्या परावर्तनाच्या उलट चिन्हाचे येते. भूपट्टसीमेवर असे उलट चिन्ह दिसले की अनेकजण लगेच ‘दाबाखालचे पाणी’ असा निष्कर्ष काढतात. पण दाबून घट्ट झालेला जुना खडक ताज्या, सच्छिद्र गाळावर सरकला असेल, तरीही चिन्ह उलटेच येते. दोन्हींत फरक करायचा तर खालच्या थराचा वेग स्वतंत्रपणे मिळवावा आणि त्यावरून सच्छिद्रता काढून ती त्या खोलीवर अपेक्षित असलेल्या सच्छिद्रतेशी ताडावी. पाचरात समुद्रतळाला समांतर, गाळाच्या थरांना छेदत जाणारे आणखी एक उलट चिन्हाचे परावर्तन आढळते. ते वायुहायड्रेटच्या (बर्फासारख्या घन रूपात अडकलेल्या वायूच्या) स्थिरतेची खालची सीमा दाखवते. त्याला प्रस्तरभंग समजू नये, पण वायाही घालवू नये, कारण त्याच्या खोलीवरून जमिनीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा अंदाज येतो.

प्रारूपाची कसोटी घेतल्याशिवाय ते कोणाला दाखवू नये. सोंगटीपटासारखे कृत्रिम वेगबदल घालून ते परत मिळतात का, हे टोमोग्राफीत तपासतातच. त्याहून कडक कसोटी म्हणजे आपल्याला ज्या निष्कर्षाबद्दल ओढ वाटते, तो मुद्दाम प्रारूपातून काढून टाकावा आणि डेटा तरीही जुळतो का ते पाहावे. जुळत असेल, तर तो निष्कर्ष डेटाने मागितलेला नाही. वेगवेगळ्या सुरुवातीच्या प्रारूपांपासून निघून मिळालेल्या उत्तरांमधला फरक हाच त्रुटीचा सर्वांत प्रामाणिक अंदाज असतो.

प्रतिमेवरून भूपट्टसीमा आज अडकलेली आहे की हळूहळू सरकत आहे हे थेट कळत नाही. त्यासाठी जमिनीवरील उपग्रहीय मोजमापे आणि सागरतळावरची ध्वनिक मोजमापे लागतात. २०११ मध्ये तोहोकूच्या गर्तेजवळ सुमारे ५० मीटरची घसरण झाली, ती अशा भागात, जो तोवर बहुतेकांनी इतका सरकणारा मानला नव्हता. मात्र ती मोजमापे घसरणीत रूपांतरित करताना भूपट्टसीमेचा आकार प्रतिमेवरूनच घेतला जातो, आणि तोच पुढे किनाऱ्यावरील हादऱ्यांच्या व त्सुनामीच्या गणितांत जातो. म्हणून काम सुपूर्द करताना केवळ रंगीत छेदचित्रे देऊ नयेत. कच्च्या नोंदी, दुरुस्त केलेल्या जागा, वेगाचे अंतिम प्रारूप आणि भूपट्टसीमेची खोली खुल्या संग्रहात ठेवावी, आणि खोलीच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता मीटरमध्ये लिहावी, म्हणजे पुढचे गणित करणाऱ्याला कोणत्या भागावर किती भिस्त ठेवायची ते ठरवता येईल.